गॅलरीतील यंत्राचा प्लग काढल्याबाबत

पोलीस ठाणे, रूसे. मंगळवार, दिनांक २४ सप्टेंबर २०२४, सकाळी १०.२० वाजता.

नाव दोब्रिंका पेन्चेव्हा वल्कानोव्हा, वय ६१ वर्षे, व्यवसाय निवृत्त (टपाल वर्गीकरण, ३१ वर्षे नोकरी), राहणार द्रुझ्बा वसाहत, इमारत १४, प्रवेशद्वार ब, चौथा मजला, रूसे.

मी आज आपल्या पायांनी ठाण्यात आले असून इन्स्पेक्टर मारिनोव्ह साहेबांसमोर बसून खालीलप्रमाणे सांगते की,

वरील पत्त्यावर मी माझे पती स्विलेन वल्कानोव्ह, वय ६४, निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ, यांच्यासह राहते. आमची एकुलती मुलगी इस्क्रा, वय ३३, ही नऊ वर्षांपासून स्पेनमध्ये सारागोसा येथे नोकरीस आहे. पतींनी काल माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, रविवार दिनांक २२ रोजी मी घराच्या गॅलरीतील संगणक मुद्दाम बंद पाडला आणि अकरा लोकांची माहिती नष्ट केली. ती तक्रार मला वाचून दाखवली. त्यातील तारीख, वार आणि गॅलरी बरोबर आहे.

सदर संगणक घरात कसा आला असे विचारल्यावरून सांगते की, फेब्रुवारी २०२१ मध्ये एका मोठ्या परदेशी कंपनीने पतींचे इंटरनेटवरचे खाते बंद केले. कारण दिले नाही. त्या खात्यात चौदा वर्षांचे फोटो होते. माझ्या सासूबाईंचा शेवटचा ईस्टरही त्यातच होता. पतींनी कंपनीला सतरा पत्रे लिहिली. सतराही वेळा एकच उत्तर आले आणि त्यात दर वेळी त्यांच्या संयमाबद्दल आभार मानले होते. पती संगणकासमोर उभे राहून ओरडायचे, "अरे, माणूस आहे का रे तिकडे कोणी? एक तरी माणूस!" पती मुळात ओरडणारे नाहीत. मला त्यांची दया आली होती. हे जबाबात लिहावे, अशी माझी विनंती आहे.

त्यानंतर पतींनी एका बंद पडलेल्या कचेरीतून वापरलेला संगणक आणला आणि काचा लावलेल्या गॅलरीत ठेवला, कारण तिथे थंड असते. तिथल्या माझ्या बरण्या त्यांनी जिन्याखाली हलवल्या. पतींनी मला समजावले की, जगभरातले भले लोक रिकाम्या वेळात प्रोग्राम लिहितात आणि फुकट वाटतात, त्यात कुणी मालक नसतो, आणि ते घरच्या यंत्रावर बसवले की टपाल, फोटो, दिनदर्शिका, गप्पा, नकाशा सगळे आपल्याच घरात राहते. मी विचारले, "आणि वीज गेली तर?" ते म्हणाले, "तू नेहमी वाईटच बोल." यंत्राचे नाव त्यांनी 'स्वोबोदा' ठेवले, म्हणजे स्वातंत्र्य. तसे लेबल छापून चिकटवले.

तीन आठवड्यांनी ते चालू झाले. इस्क्राने तिच्या मोबाइलमध्ये राहिलेले आजीचे अकरा फोटो पाठवले होते, ते पडद्यावर दिसले. पतींनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "दोब्रिंका, आता आपल्या घरात आपलं राज्य." त्या दिवशी मी त्यांच्यासाठी बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची भाजणी, केली होती. दोघांनी पूर्ण ताट संपवले.

राज्याचे नियम पुढीलप्रमाणे होते. कपडे धुण्याचे यंत्र आणि इस्त्री एकाच वेळी लावायची नाही. पासवर्ड वीस अक्षरांचा आणि दर महिन्याला नवा. तो कागदावर लिहायचा नाही. रविवारी दहा ते बारा देखभाल, त्या वेळेत कुणी काही उघडायचे नाही. पूर्वी बाजाराची यादी फ्रिजवर चिकटवलेली असे, ती आता स्वातंत्र्यात गेली. पुढच्या वर्षी मार्च महिन्यात मी दुकानात दुधाच्या फळीसमोर वीस मिनिटे उभी होते, कारण यादी उघडत नव्हती. पतींना फोन केला तर म्हणाले, "यंत्राच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, दहा मिनिटं दे." मी विचारले, "स्विलेन, मला फक्त एवढं सांग, घरात दही आहे का?" ते म्हणाले, "आता मध्ये बोलू नकोस."

इस्क्राशी पूर्वी मोबाइलवर बोलणे होई. नंतर तेही स्वातंत्र्यातून होऊ लागले. तिचा चेहरा तोंड उघडे असताना थांबायचा आणि आवाज पुढे जायचा. ती म्हणायची, "बाबा, सगळं जग ज्यावर बोलतं त्यावर बोलूया ना आपण, प्लीज!" पती म्हणायचे, "सगळं जग मेंढरं आहे." इस्क्रा म्हणायची, "असू देत. पण मेंढरांना एकमेकांचं ऐकू येतं."

एका वर्षात पतींनी आमच्या प्रवेशद्वारातील दहा शेजारी आणि इमारतीचे व्यवस्थापक यांनाही स्वातंत्र्यात घेतले. एकूण अकरा. कुणावर जबरदस्ती केली नाही. लिफ्टमध्ये गाठून समजावले. लिफ्ट हळू चालते. तिसऱ्या मजल्यावरच्या स्तोयना मावशी, वय ८१, यांनी त्यांचे दिवंगत पती किरिल यांचे सगळे फोटो पतींकडे दिले. मी त्यांना म्हणाले, "मावशी, विचार करा हं." त्या म्हणाल्या, "अगं, तुझा नवरा जिन्यातले दिवे दुरुस्त करतो, माझं औषध आणतो. ते परदेशातले कोण आणून देणार आहेत?" त्यांचे म्हणणे खरे होते. पती मदत करणारे आहेत, हेही लिहावे.

यावर्षी जून महिन्यात जेवताना पती मला म्हणाले, "रक्तदाब वाढलाय हे मुलीला सांगितलंस, मला नाही." मी विचारले, "तुला इस्क्राने सांगितलं?" ते म्हणाले, "नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "मी वाचत नाही काही. यंत्र सांभाळताना दिसतं, एवढंच." त्यानंतर मला समजत गेले की, त्यांना पुष्कळ काही दिसत होते. मी दुपारी कुठल्या पदार्थाची कृती शोधली ते दिसे. व्यवस्थापक साहेब कोणत्या बाईंना किती वेळा शुभ सकाळ पाठवतात तेही दिसे. ते त्यांनी मला हसत हसत सांगितले होते. मी हसले नव्हते.

इस्क्राला दिवस गेले आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी बाळंतपण आहे. ऑगस्टमध्ये तिने मला लिहिले, "आई, ये. हवं तितकं राहा. परत जायची घाई करू नकोस." मी लिहिले, "विचार करते आहे. बाबांना इतक्यात सांगू नकोस, मी सांगेन." मी काय विचार करत होते, हे या गुन्ह्याच्या संदर्भात आवश्यक नसल्याने सांगत नाही.

शुक्रवार दिनांक २० रोजी संध्याकाळी सात वाजता आम्ही घेवड्याचे सूप घेत होतो. पतींनी पाव मोडला आणि विचारले, "मग? तिकीट एका बाजूचं काढणार की दोन्ही बाजूंचं?"

मी चमचा खाली ठेवला. मी त्यांना विचारले, "हे सगळं आणखी कोण वाचू शकतं?"

पतींचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "कुणीच नाही! अगं, हाच तर सगळा मुद्दा आहे. जगात कुणीच वाचू शकत नाही. फक्त मी."

मी सूप संपवले. भांडी घासली. मी ३१ वर्षे या शहराची पत्रे हाताळली. प्रेमाची, कोर्टाची, तुरुंगातून आलेली. ओली झालेली पाकिटे आपोआप उघडायची. ती तशीच डोळे मिटून चिकटवायची, असे आम्हाला शिकवले होते.  शनिवारी बाजारात जाऊन तीस किलो लाल मिरच्या आणल्या.

रविवार दिनांक २२ रोजी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती. त्याचा आणि यंत्राच्या नावाचा काही संबंध नाही. पती सकाळी नऊ वाजता त्यांच्या मित्राच्या बागेत द्राक्षे तोडायला गेले. मिरच्या भाजायची विजेची भट्टी घरात फक्त गॅलरीत लावता येते, कारण धूर होतो, आणि गॅलरीत भिंतीवर प्लग लावायची जागा एकच आहे. हिवाळ्याची ल्युतेनित्सा, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची चटणी, दरवर्षी मी याच आठवड्यात करते. गेली तीन वर्षे मी ती जिन्याखाली, सायकलींच्या शेजारी करत होते. १० वाजून १० मिनिटांनी मी यंत्राचा प्लग काढला आणि भट्टीचा लावला. ती वेळ देखभालीची होती, म्हणजे नियमाप्रमाणे कुणी काही वापरत नव्हते.

पंखा थांबला. तीन वर्षांत तो प्रथमच थांबला होता. खालच्या मजल्यावरचा रेडिओ ऐकू आला. नदीवरच्या बोटीचा भोंगाही ऐकू आला. तो आमच्या घरापर्यंत येतो, हे मी विसरून गेले होते. मी काही वेळ तशीच उभी राहिले. किती वेळ, ते घड्याळात पाहिले नाही.

भाजलेल्या मिरच्या झाकून ठेवायला मोठे पातेले घेतले. ते ठेवण्यासाठी यंत्रावरची काळी सपाट पेटी सोयीची होती, म्हणून त्यावर ठेवले. पातेले गरम होते. एकामागून एक अशी चार पातेली झाली. सगळ्या माहितीची राखीव प्रत त्या काळ्या पेटीत होती, हे मला माहीत नव्हते. पत्नीला तसे का सांगितले नाही, असे साहेबांनी काल पतींना विचारले असता सुरक्षेच्या कारणास्तव सांगितले नाही, असे पतींनी उत्तर दिल्याचे मला समजते.

साडेबारा वाजता स्तोयना मावशी वर आल्या. म्हणाल्या, "दोब्रिंका, माझा किरिल उघडत नाही." मी त्यांना खरे ते सांगितले, प्लग मी काढला आहे, मिरच्या झाल्या की लावते. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि मिरच्या सोलू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुला सांगू? रोज सकाळी तो संगणक मला किरिलचे फोटो दाखवायचा, 'या दिवशी बारा वर्षांपूर्वी' म्हणून. चांगलं वाटायचं. पण तोच तोच दवाखान्यातला फोटो यायचा गं. तो नको म्हणून कुणाला सांगावं, कळत नव्हतं." आम्ही दोघींनी नऊ बरण्या भरल्या. त्यातल्या दोन त्यांनी नेल्या.

अडीच वाजता मी प्लग परत लावला. यंत्र चालू झाले नाही. आतली माहिती साठवायची तबकडी जुनी होती, ती एकदा थंड झाल्यावर फिरली नाही, असे दुरुस्तीवाल्याने नंतर सांगितले. राखीव पेटी वाकली होती आणि तिच्यात मिरच्यांचे पाणी गेले होते.

पाच वाजता पती आले. त्यांनी गॅलरी पाहिली.

"काय केलंस तू हे?"

"मिरच्या भाजल्या."

"अकरा माणसांनी विश्वास टाकला होता माझ्यावर! अकरा!"

"बारा," मी म्हणाले.

ते गॅलरीत जमिनीवर बसले. पेटी त्यांनी मांडीवर घेतली होती आणि रुमालाने पुसत होते. म्हणाले, "आईचे फोटो होते त्यात. दुसऱ्यांदा गेली ती." ते रडत होते. मी त्यांच्याजवळ बसले नाही. पाणी नेऊन ठेवले. सासूबाईंचे ते अकरा फोटो इस्क्राच्या मोबाइलवर आहेत, आणि तिच्या मोबाइलचे सगळे त्याच परदेशी कंपनीकडे जमा होते, म्हणून सुखरूप आहेत. हे मी त्यांना सोमवारी सकाळी सांगितले. रविवारी सांगता आले असते. नाही सांगितले.

ते ऐकल्यावर पती उठले, कोट घातला आणि तक्रार द्यायला इथे आले.

साहेबांनी विचारले की, प्लग मुद्दाम काढला काय? होय. मिरच्या मुद्दाम भाजल्या काय? होय. पातेले मुद्दाम पेटीवर ठेवले काय? नाही. माहिती नष्ट होईल हे ठाऊक होते काय? नाही. ठाऊक असते तर प्लग काढला असता काय? या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे नाही.

आज सकाळी पती ठाण्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "तक्रार मागे घेतो. नवं यंत्र लावतो, या वेळी खोलीत. तुला वेगळं खातं देतो, मीसुद्धा आत जाऊ शकणार नाही असं." मी विचारले, "ते तू आत गेला नाहीस हे मला कसं कळणार?" ते म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेव ना." शेजारी पासपोर्टचा अर्ज घेऊन बसलेले गृहस्थ आमच्याकडे पाहू लागले. मी उठून आत आले.

सारागोसाची बस उद्या दुपारी आहे. तिकीट मी खिडकीवर जाऊन काढले आहे. ते किती बाजूंचे आहे, हे पतींनी साहेबांना विचारू नये आणि साहेबांनी सांगू नये. चौकशीस गरज पडल्यास मला कागदी पत्र पाठवावे. इस्क्राचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे.

हा जबाब साहेबांनी संगणकावर घेतला. पूर्ण झाल्यावर मी विचारले, "हा आता कुठे राहणार?" साहेब म्हणाले, "मध्यवर्ती यंत्रणेत, सोफियाला." मी विचारले, "तिथे कोण वाचतं?" साहेब म्हणाले, "बाई, ते मलाही माहीत नाही. अधिकृत व्यक्ती. अनोळखी माणसं असतात."

मी म्हणाले, मग हरकत नाही.

वरील सर्व मजकूर साहेबांनी मोठ्याने वाचला, मी पूर्ण ऐकला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. त्याखाली मी सही करते.

दो. वल्कानोव्हा