टँकमागं नंदी

…नाई जी, तो विकायचा नाई. मिक्सर झाला तुमचा, हा घ्या, पण तो खेळण्यातला टँक नाई. अन् तो रिमोट खाली ठेवा न भाऊ — बटन दाबू नका, काम बाकी आहे त्याचं. काय बाकी? डावा पट्टा मागं राह्यते, डाव्या अंगाले ओढते. आमच्या पायलसाठी आणला होता तिच्या मामानं, दिल्लीहून. पोरगी माझी. तिनं काय करावं? उद्या आहे तसाच तान्हा पोळा होता — सारे पोट्टे आपापले लाकडी नंदी दोरीनं ओढून राह्यले, अन् हे बाई नंदी टँकले बांधून निघाली! नंदी आमचा सागवानाचा, चाकावरचा, तिच्या आजोबानं घडवलेला, मलेच उचलता उचलत नाई. अन् टँकच्या पोटात प्लास्टिकचे गियर. मारुतीच्या देवळापाशी कर्रर्र झालं, सारे दात गेले. पोट्टे हासले. ते नाई रडली — टँक काखेत, नंदी दोरीनं ओढत घरी आली अन् मले म्हणे, "बाबा, पुढच्या पोळ्याले टँकच ओढन, पाहा तुम्ही."

बसलो मग. लेथवाल्या बिरजूकडून पितळेचे गियर कापून आणले. गियर दमदार झाले तं मोटर दमली. मोठ्या मोटरी टाकल्या तं दांडा वाकला. दांडा पोलादाचा केला तं गियरची डबीच फाकली, तिले पत्र्याचा पट्टा मारला. असंच असते जी — एक मजबूत केलं का जोर बाजूच्यावर जाते. पायल इथीच बसे, तुम्ही बसले त्याच स्टुलावर. "झाला का बाबा, झाला का?" डोकं खाऊन टाके माझं. — मग? मग काय, ताप आला. पोळा तोंडावर होता. चंद्रपूरले नेलं, ताप डोक्यात गेला म्हणे. राह्यली नाई.

गोकुळा, माझी बायको, दर पोळ्याले नंदी धुते, हळद लावते, झूल घालते, दारात उभा करते. अन् मले विचारते — टँक झाला का? मी म्हणतो, गियर भेटून नाई राह्यलं. काऊन म्हणजे? झाला म्हटलं का घरी न्या लागते न! गोकुळा नंदी जोडन त्याले, गल्लीत काढन — अन् मागं चालाले कोण आहे, सांगा? मले नाई पाहवणार भाऊ. म्हणून म्हणतो, डावीकडे ओढते, राहू द्या इथीच… काय करून राह्यले? अहो नका — दाबू नका म्हटलं न —

…चालला. सरळ चालला, हो. मले ठाऊक आहे जी. कधीचाच सरळ चालते.

कोण? गोकुळा? तू कवा आली? दारात काऊन उभी आहे, ये न… हो. झाला. झाला म्हणून राह्यलो न. रडू नको.

भाऊ, तुम्ही जा आता. तुमचा मिक्सर राह्यला पाहा. उद्या दुकान बंद आहे.