एकशे आठ कसं लिहायचं

संघप्रिया : गुरुजी, तोंड फिरवू नका. एकदाच म्हणा. हे चित्र कशाचं?

गुरुजी : न... नको.

धुरपताबाई : सकाळधरनं असंच करायलेत बग. फोनातली लेकरं ‘अ अननसाचा’ म्हनायली की ह्यांचं डोकंच फिरतंय.

संघप्रिया : कळतंय मला, गुरुजी. एकतीस वर्षं तुम्ही शिकवलं, मला पाढे दिले, आणि आज मीच तुम्हाला पहिलीचा धडा दाखवतेय. पण लकव्याच्या झटक्यातून हातपाय वाचले, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले ना, चित्र बघायचं आणि नाव म्हणायचं, रोज. उपकेंद्रात मी एकटी नर्स. मला रोज यायला जमत नाही, म्हणून हे धडे.

गुरुजी : खडू... खडू नको. नाही. ख... ते.

धुरपताबाई : फोनला खडू म्हनायलेत. चार महिने झाले. पाढे म्हना म्हनलं की एकोणतीसचा सुदिक न अडखळता म्हंतेत. अन् पोराचं नाव इचारलं की नुसते रडतेत.

संघप्रिया : पाढे तोंडात बसलेले असतात, काकू. नाव शोधावं लागतं. आणा इकडं फोन, कुठपर्यंत आलेत बघते... हे काय? पहिली संपली. दुसरी संपली. तिसरीचं गणित, चौथीचा भूगोल, शिवणकाम, इंग्रजी अक्षरं, चंद्र कसा वाढतो ते... गुरुजी तर पहिल्याच चित्राला अडलेत. हे कोण बघतंय?

धुरपताबाई : कोन बगनार? लागलं आसंल चुकून.

संघप्रिया : चुकून शंभराच्या वर धडे? आणि दुसरीच्या गणितातला हा एक तर अकरा वेळा बघितलाय.

गुरुजी : तू?

धुरपताबाई : ...व्हय. मीच.

गुरुजी : ल... लपून?

धुरपताबाई : लपून न्हाई तर काय करू? दुपारी तुमचा डोळा लागला की मागल्या दारी जाऊन बसते. आवाज बारीक करते. आपल्या पोरानं, हरिओमनं, पुण्याहून ह्यो फोन धाडला, तवा ही संघप्रिया म्हनली, ह्याच्यात समदे इषय हायेत, पैसा लागत न्हाई, कुनी बी शिकावं. कुनी बी म्हनली. मला वाटलं, कुनी बी म्हंजी मी बी आले.

संघप्रिया : आलातच की. अहो, मी नर्सिंगला असताना शरीरशास्त्र असंच शिकले, फुकटातले धडे बघून. पुस्तकातलं इंग्रजी कळायचं नाही. यात लपवायचं काय, काकू? ही तर आनंदाची गोष्ट.

धुरपताबाई : आनंदासाठी न्हाई शिकले, बाई.

संघप्रिया : मग? हा अकरा वेळा बघितलेला... ‘शंभराच्या पुढच्या संख्या’. यात अडलं होतं का काही?

धुरपताबाई : राहू दे ते. फोन दे इकडं.

संघप्रिया : काकू, फोन नंतर. आधी काय झालं ते सांगा.

धुरपताबाई : सांगतेच आता. आज ना उद्या सांगावंच लागनार. अवो, तुमी बी ऐका. तुमाला झटका आला त्या दिशी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समदे कापूस येचायला गेल्ते. तुमी अंगनात तोंड धुता धुता खाली बसले. तोंड वाकडं, बोलायलेत ते कळंना. तुमचा जुना बटनाचा फोन खिशात व्हता. हिचा नंबर त्याच्यात, हरिओमचा त्याच्यात, सरपंचाचा बी. पर समदी नावं मला सारकीच. मंग एकशे आठची गाडी ध्यानात आली. नाव ऐकून मालूम व्हतं. अन् शंभराची नोट बगून शंभर बी मालूम व्हते, एक अन् दोन शून्य. म्हून म्या एक दाबला, दोन शून्य दाबले, अन् मंग आठ; सुटे आकडे तेवढे वळखीचे व्हते.

संघप्रिया : एक हजार आठ.

धुरपताबाई : तेच. आतली बाई म्हनायची, हा नंबर अस्तित्वात न्हाई. मी तिला म्हनायची, अगं बाई, लवकर या, झरीला या, मारुतीच्या मागं घर हाय. ती पुन्हा तेच. धा-बारा येळा लावला. मला वाटलं, फोनच बिघडलाय. शेवटाला यांना तसंच टाकून फाट्यावर पळाले अन् मुंजाजीची जीप आडवली.

संघप्रिया : दवाखान्याच्या कागदावर उशिरा आणलं असं लिहिलंय, ते मी वाचलं होतं. मला वाटलं, जीप मिळायला वेळ गेला असेल. विचारलं नाही मी.

धुरपताबाई : मला तरी कुठं मालूम व्हतं काय चुकलं ते? त्यो दुसरीचा धडा लागला तवा कळलं. मास्तरीन काड्यांचे जुडगे मांडून दाखवायली, एकशे आठला मधी शून्य एकच. खरं वाटंना म्हून पुन्हा पुन्हा लावला. मंग मेंदूचा धडा हुडकला. त्याच्यात सांगितलं, आत रगत अडलं की पैल्या तासातला एकेक मिनिट मोलाचा. तवा समजलं, ह्यांची वाचा मी घालवली.

गुरुजी : ना... नाही.

संघप्रिया : काकू, वेळेवर नेलं असतं तरी बोलणं राहिलंच असतं, असं कुणी सांगू शकत नाही.

धुरपताबाई : ऱ्हाइलं नसतं असं बी कुनी सांगत न्हाई.

संघप्रिया : ...नाही. तेही नाही सांगता येत.

गुरुजी : मी. मी नाही... शि... शिकवलं.

धुरपताबाई : जाऊ द्या आता. तरास करून घेऊ नका.

गुरुजी : तू... मा... मागितली. पाटी.

धुरपताबाई : ध्यानात हाय तुमच्या? मला वाटलं इसरले. लगनाचं पैलं साल व्हतं ते. म्या म्हनलं, शाळंत इतक्या पाट्या येतेत, मला बी एक आना. तुमी हासले. म्हनले, तुला काय कचेरीत जायचंय? रागावले असते तर पुन्हा मागितली असती. हासले म्हून न्हाई मागितली.

संघप्रिया : आणि आमच्या वस्तीत येऊन माझ्या आईशी भांडलात तुम्ही, गुरुजी. पोरीला शाळेत धाडा म्हणून. सगळे सांगतात अजून. पण या घरात... माझ्या कधी मनातसुद्धा आलं नाही.

धुरपताबाई : तुज्या काऊन यावं? मपल्या बी येत नव्हतं. एकतीस वर्सं ह्यांच्या परीक्षेच्या पेपराचे गठ्ठे म्या बांधले दोरीनं. पैल्या पेपरावर कोनाचं नाव हाय, ते मालूम न्हाई. गाठ तेवढी चांगली बसायची.

(गुरुजी रडतात.)

गुरुजी : माझी चूक.

धुरपताबाई : चार महिन्यांत एक गोष्ट सलग बोलले. बोलले ते हे बोलले.

संघप्रिया : काकू, पाणी द्या त्यांना. घ्या गुरुजी, हळूहळू घ्या.

धुरपताबाई : तू जा आता, बाई. लसीकरणाला बाया खोळंबल्या आसतील.

संघप्रिया : जाऊ? तुम्ही दोघं...

धुरपताबाई : आमी दोघं राहू. आजवर राहिलोच की.

संघप्रिया : परवा येते. आणि काकू, आता मागच्या दारी बसू नका. आवाज मोठा ठेवा.

धुरपताबाई : बगते. नीट जा.

गुरुजी : कु... कुठं अडलं?

धुरपताबाई : कोनाचं? मपलं?

गुरुजी : हं.

धुरपताबाई : अपूर्णांकाला. खालचा आकडा मोठा झाला की वाटा बारीक व्हतो म्हंतेत. अर्धी भाकर, पाव भाकर, हातात धरली की कळती. कागदावर मांडली की उलटंच वाटायलंय.

गुरुजी : दा... दाखव.

धुरपताबाई : तुमाला नीट बोलता यायना. शिकवनार कसं?

गुरुजी : बो... बोट. बोटानं.

धुरपताबाई : बरं. पर माजं झालं की तुमचं. मी चित्र दाखवीन, नाव तुमी म्हनायचं. अर्धं आलं तर अर्धं.

गुरुजी : हं.

धुरपताबाई : धरा मंग फोन. मी बसते खाली, तुमी वरून दाखवा.

गुरुजी : खाली नको.

धुरपताबाई : मंग कुठं बसू?

गुरुजी : इ... इथं.

धुरपताबाई : खाटंवर? तुमच्या बरुबरीनं?

गुरुजी : बस.

धुरपताबाई : सरका मंग जरासं.