पाचवं जर्नल

मॅडम : काय म्हणतात ते, पुन्हा एकदा वाचा बरं.

सिस्टर : वाचायचं काय त्यात, मॅडम. दोनच ओळी आहेत. "काम काटेकोर आहे, पण आमच्या वाचकांना त्यात फारसा रस वाटणार नाही." झाला, आपल्या पेपरला चौथा नकार. पहिल्या जर्नलने सहा महिने ठेवून तरी घेतला, हे तीन दिवसांत मोकळे.

मॅडम : म्हणजे संपादकांच्या टेबलावरूनच परत आला. उभ्या का? बसा.

सिस्टर : वॉर्डातून थेट आलेय. आता बसले तर उठवणार नाही.

मॅडम : बसा हो. ही यादी घ्या. खाली एक जर्नल आहे, तेवढंच नावाजलेलं. फक्त संदर्भ लिहायची त्यांची पद्धत वेगळी आहे. सगळं बदलायला दोन आठवडे जातील.

सिस्टर : पाचव्यांदा? आता मला स्वप्नातसुद्धा स्वल्पविराम दिसतात. त्यापेक्षा ही मेल बघा. सात दिवसांत छापतो म्हणतात. मला "थोर शास्त्रज्ञ" म्हटलंय. सासूबाई दिवसभर हसत होत्या.

मॅडम : बघू. सिस्टर, यांच्या संपादक मंडळात हे दुसरं नाव आहे ना, ते गृहस्थ जाऊन चार वर्षं झाली. शोकसभेत मी बोलले होते.

सिस्टर : अगं बाई!

मॅडम : पुसून टाका ती मेल.

सिस्टर : टाकली. मग एक विचारू? आपलं नर्सेसचं त्रैमासिक आहे...

मॅडम : ते नको. निवड समितीच्या यादीत ते नाही. तिथला पेपर त्यांच्या लेखी नसल्यासारखाच. अकरा वर्षं वॉर्डात काढल्यावर तुम्हाला शिकवायची जागा हवी होती ना?

सिस्टर : हवीच आहे. पाय बोलायला लागलेत आता. दोन्हीकडे एकदम पाठवला तर?

मॅडम : चालत नाही. एका वेळी एकीकडेच. कळलं तर दोघंही पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

सिस्टर : मग ऐका. गेल्या आठवड्यात नणंदेची मुलगी बाळंत झाली, सातव्या महिन्यात. दुसऱ्या हॉस्पिटलात. मी काचेतून बघत होते. तिथल्या सिस्टरने बाळ उघडं केलं आणि ठेवलं थेट वजनकाट्याच्या गार ट्रेवर. वजन होईपर्यंत बाळाचे ओठ निळे. चांगली होती हो पोरगी, हात हलका होता तिचा. पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मॅडम : तुम्ही सांगितलंत?

सिस्टर : सांगितलं. म्हणाली, "कुठे लिहिलंय असं?"

मॅडम : मग?

सिस्टर : मग काय? तीनशे बारा बाळांची तापमानं घेतली आपण. आधी उबदार दुपटं टाकायचं, काटा शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं. एवढीशी गोष्ट. दोन वर्षं ती या जर्नलमधून त्या जर्नलमध्ये फिरतेय. आणि ते त्रैमासिक तिच्या ड्यूटी रूममध्ये पडलेलं होतं, मॅडम. कोपरे दुमडलेलं, चहाचे डाग पडलेलं. वाचलेलं.

मॅडम : हे माझ्यामुळे झालं. तरुणपणी मी एक पेपर असाच लहान ठिकाणी दिला होता. सहा वर्षांनी तेच काम दुसऱ्या कुणी मोठ्या जर्नलमध्ये छापलं. आज सगळे त्यांचंच नाव घेतात. ते डोक्यातून जात नाही माझ्या. म्हणून तुम्हाला पळवत राहिले.

सिस्टर : राग नाही मॅडम. दमलेय फक्त.

मॅडम : जागेच्या अर्जाची मुदत याच महिन्यात संपते. मोठ्या जर्नलकडे पेपर दिलाय, एवढं दाखवलं तरी चालतं त्यांना. नाहीतर ती जागा हातची जाईल.

सिस्टर : जाऊ दे. पुढे कधी निघाली तर निघाली.

मॅडम : त्या त्रैमासिकात लेख तपासतं कोण?

सिस्टर : दोन जुन्या जाणत्या नर्स आणि एक बालरोगतज्ज्ञ. आठ आठवडे लागतात. फोन करून विचारलंय.

मॅडम : म्हणजे ठरवूनच आलात.

सिस्टर : नाही हो. तुम्ही नको म्हणाला असतात, तर बसले असते पुन्हा स्वल्पविराम मोजत.

मॅडम : (लॅपटॉप तिच्याकडे सरकवून) घ्या. संपादकांना पत्र लागेल. पहिलं वाक्य मी सांगते.

सिस्टर : सांगा.

मॅडम : "हा लेख आम्ही तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वीच पाठवायला हवा होता."

सिस्टर : असं लिहितात का, मॅडम?

मॅडम : नाही लिहीत. तुम्ही लिहा.