सावंत काकूंचा चार्ट आणि माझा मासा

हसणार नसाल तर सांगतो. आमच्या हाटकेश भागातल्या सोसायटीत सी विंगला पाणी जेमतेम अर्धा तास येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंत काकूंनी चार महिने रोज वहीत लिहून ठेवलं, कुठल्या विंगला किती वेळ पाणी आलं ते. पाणी खात्याचे साहेब बघायला येणार होते, तर काकू मला म्हणाल्या, "बाळा, याचा एक साधा चार्ट काढून दे लॅपटॉपवर."

साधा? आणि मी? ज्या विंगला जेवढं पाणी, तेवढी भरलेली टाकी काढली. वर माउस नेला की टाकी खळखळ आवाज करत फुल भरायची आणि मासा उडी मारायचा. आकडे पाण्याखाली जायचे, पण मासा काय भारी होता यार!

साहेबांनी माउस स्वतःच्या हातात घेतला. ए विंग भरली. बी भरली. सी पण भरली.

"अहो, तुमच्याकडे तर मासे पोहतायत!" साहेब म्हणाले. सगळे हसले, मीपण हसलो. काकू वही पुढे करत होत्या, "साहेब, हे बघा ना," पण साहेब घड्याळ बघत उठलेच.

काकू वही मिटून जिना चढायला लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी नळ कोरडा, खाली टँकर आला. काकूंची बादली भरून आणावी म्हणून मी त्यांच्याकडे गेलो, तर दारातच म्हणाल्या, "बादली राहू दे. तुझा लॅपटॉप आण, त्यातनंच भरून घेते."