बीटल्स फुटले, कावळा अडला

...आता तुम्हीच सांगा, ज्या कलकत्त्यात कावळा हातातला मासा पळवतो, त्या कलकत्त्यात भाताच्या पिंडाला एक कावळा शिवू नये? बागबाजारच्या घाटावर दादाचा दहावा. आमचा श्रीधरदादा, ऐन बाविशीत कावीळ झाली आणि गेला... पिंड ठेवला, समोर पिंपळावर कावळेच कावळे, आणि सगळे ढिम्म.

तुम्हाला सांगतो, दादाला वेड एकच, बीटल्स. पार्क स्ट्रीटच्या एका हॉटेलात त्याचा स्वतःचा बँड वाजायचा, गिटारवर दादा, ड्रमवर तपन. आणि नशीब बघा, हा गेला आणि त्याच आठवड्यात पेपरात बातमी, बीटल्स फुटले! त्याचे दोस्त भेटायला यायचे, दारात चपला काढायचे, माझ्या गळ्यात पडून रडायचे, मला वाटायचं दादासाठी, तर म्हणायचे, आता त्या चौघांची नवी रेकॉर्ड नाही रे येणार. अरे, आणि आमचा माणूस गेला तो?

बरं, घाटावर. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिलीय त्याची, बोला. आई म्हणाली, तुझ्या बहिणीचं, सुचित्राचं लग्न तू म्हणायचास तस्संच थाटात करू. ढिम्म. काकांनी आईबाबांना सांभाळायचं वचन दिलं. ढिम्म. मग बाबा. गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातले साहेब, दादाच्या लांब केसांपायी वर्षभर त्याच्याशी अबोला धरलेले. ते हात जोडून पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "श्री, वाढव केस. मी काही म्हणणार नाही."

आणि कावळे? ढिम्म.

तपनला राहवेना. "श्रीधर, वो चारों फिर साथ बजाएँगे." तेवढ्यात एक कावळा जरा खाली उतरला होता, तोही उडून शेंड्यावर जाऊन बसला. तपनच्या थापा दादाला पाठ.

शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. म्हणजे गवताचा! माझं डोकंच फिरलं, माझ्या दादाला काय गवताच्या कावळ्यावर वाटेला लावणार? मागचापुढचा विचार न करता मी ओरडलो, "दादा, तुझी गिटार मी वाजवीन, बँडमध्ये तुझ्या जागी मी उभा राहीन, पण आता जा रे!"

अहो, वाक्य संपायच्या आत झडप. अर्धा पिंड गायब.

तर आता बघा ही बोटं, फोड आलेत नुसते. शाळा संपेपर्यंत प्रार्थनेला मास्तर मला फक्त ओठ हलवायला सांगायचे, असा माझा गळा आणि असा माझा कान. रोज संध्याकाळी तपन येतो, मी तारा ओरबाडतो, तो कपाळाला हात लावतो, आणि बाबा पेपर तोंडासमोर धरून बसतात, पान काही उलटत नाहीत. एकदा तरी "बंद कर" म्हणतील, माझी सुटका होईल... पण शब्द दिलाय ना त्यांनी, काही म्हणणार नाही म्हणून.

ते चौघं सुटले, दादा सुटला, अडकलो तो मी. आणि कठड्यावर बसून रोज ऐकतो कोण? कावळा. हुसकावला तरी ढिम्म.