जल्ली वाजली पाहिजे

मी तंजावराकडच्या इन्नंबूरची. म्हणजे जन्म तेथला, पण मूळ कोठलं म्हणून पुसाल तर मज ठाऊक नाही. राजांच्या काळी कोणी तरी घोड्यावरून तंजावरास आलं, एवढं अप्पा सांगत, आणि मी म्हणायची, अप्पा, आपण घोड्यामागून चालत आलेले असू, नाही तर एखादा लगाम तरी घरात सापडला असता. ते हसत. तुम्ही पुण्याकडचे, आमची मराठी ऐकून तुम्हालाही हसू येतं, हसा हो, मज राग नाही. बाहेर अवघं तमिळ, पाल्कारन दूध घालायला आला की तमिळ, भाजीवालीशी तमिळ, आणि उंबरा ओलांडला की मराठी. आता उंबऱ्याच्या आत मी एकटी, मराठी बोलू कोणाशी? म्हणून तुम्ही दिसलात आणि बघा कशी सुटले आहे.

तुम्ही पुसलं, ह्या वयात उन्हात बसून गवत कशाला उपटता. सांगते. पण आधी अक्का सांगितली पाहिजे, त्याशिवाय हे गवत कळायचं नाही. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दोघे भाऊ, दोघी जावा, चूल एक. माझे यजमान पितळी भांड्यांच्या दुकानी कामास होते, मी सरकारी शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधायची, घर अक्का बघायची. भांडण? अय्यो, काय सांगू तुम्हाला, रोज! सांबारात गूळ घालायचा का नाही ह्यावरून आम्ही अख्खा आषाढ एकमेकींशी बोललो नाही, पण ताट मात्र तीच वाढायची मज, न बोलता, आणि सांबारात गूळ घालून.

हं, जल्ली. जल्ली म्हणजे ही खडी. भावजींनी, अक्काच्या यजमानांनी, जुनी अँबॅसेडर गाडी घेतली. आमची माती कावेरीची, पावसात चाक रुतलं की गल्ली गोळा व्हायची ढकलायला. मग त्यांनी फाटकापासून ओसरीपर्यंत जल्ली ओतून घेतली. अक्का रडली हो, कोलम कोठं काढू आता म्हणून, दगडांवर रांगोळी बसते काय? शेवटी फाटकाबाहेर काढू लागली. मग गाडी गेली, भावजी गेले, माझे यजमान गेले, आणि जल्ली राहिली आम्हा दोघींना.

त्यानंतर अक्काचे डोळे गेले. साखरेनं. एकदम नाही, हळूहळू, आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातला खडा दिसेना, मग माझं तोंड दिसेना. म्हणाली, बरं झालं, तुझं तोंड नाही बघावं लागत. अशी ती! ओसरीवरच्या बाकावर बसायची आणि जल्लीवर पाय वाजला की माणूस ओळखायची. पाल्कारन चप्पल घासत येतो, पोस्टमन सायकल ढकलत येतो, शेजारचं कुत्रं लंगडतं, ते आलं की हाक मारायची, रमे, तुझा जावई आला गं, पान वाढ. मज म्हणायची, तू रागात असलीस की टाच आधी टाकतेस. मी मुद्दाम हळू चालून बघितलं, तर म्हणाली, राग गिळून चालतेस तेही कळतं.

पण गवत माजलं की जल्ली मुकी होते. एका पावसाळ्यात माझे गुडघे धरले होते, मी लक्ष दिलं नाही, आणि हे एवढालं गवत. गॅसवाला आला, सिलिंडर खांद्यावर, नवा माणूस, सरळ तिच्यापुढं येऊन अम्मा म्हणाला. अक्का अशी किंचाळली की मी चुलीपासून धावत आले. म्हणाली, रमे, माझे हे डोळेही गेले का गं? मज फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाट घेऊन येथे बसले, तेव्हापासून बसतेच आहे.

काम काय, सोपं आहे. भावजींच्या गाडीचा हा जुना स्क्रूड्रायव्हर, ह्यानं मुळाशी हलवायचं आणि ओढायचं. पाऊस पडून गेला की अल्लद येतं, उन्हाळ्यात तुटतं आणि मूळ आत हसत राहतं. भुईआवळा निघतो, लव्हाळा छळतो, त्याची गाठ खाली राहते. भाताची ऊन ऊन पेज ओतली की बारीकसारीक मरतं. पण दूर्वा! दूर्वेवर पेज ओतू द्यायची नाही अक्का. गणपतीची आहे ती, पोळतेस काय? उपटलीस तर कचऱ्यात नाही टाकायची, देवास घालायची. आता दूर्वाच सर्वांत जास्त माजते, सांगा! मग मी उपटायची, धुवायची, ती ओसरीवर बसून चाचपत चाचपत हार करायची, आणि मी गल्लीच्या टोकाच्या पिळ्ळैयारास, म्हणजे आमच्या गणपतीस, नेऊन द्यायची. रोज! एक दिवस तेथले पुजारी, गुरुक्कळ, हात जोडून म्हणाले, अम्मा, हा देव आहे, गाय नव्हे. मी घरी येऊन सांगितलं तर अक्का इतकी हसली की दूर्वा मांडीवरून सांडल्या.

मग तिचा मुलगा आला, सेतू. चेन्नईस मोठ्या नोकरीत आहे, मज चित्ती म्हणतो, म्हणजे काकू. म्हणाला, चित्ती, अम्माला नेतो, तेथे डॉक्टर जवळ आहेत. वाईट नाही हो तो, आईचंच बघतो. मजही चल म्हणाला. मी म्हटलं, पिळ्ळैयारास दूर्वा कोण घालेल? पण खरं सांगू, अक्का जाताना गाडीत बसली आणि म्हणाली, रमे, मी येते परत, गवत वाढू देऊ नको, नाही तर मी आले तरी मज कळणार कसं की घर आलं. म्हणून राहिले. तेथे ती उंच इमारतीत असते, लिफ्टनं वर जायचं, दारापुढं फरशी, माणूस आला की घंटीच वाजते. सगळ्यांची घंटी एकच. काय ओळखणार?

सेतू मध्ये एकदा म्हणाला, चित्ती, जल्लीवर सिमेंट करून टाकतो, तुझी कटकट मिटेल. मी म्हटलं, आधी मज येथे निजव, मग ओत.

रोज सकाळी अक्कास फोन करते. आधी खूप बोलायची, गूळ घातलास का पुसायची. आता विसरते. मागच्या महिन्यापासून माझा आवाज ओळखत नाही, तमिळमध्ये पुसते, यारु, कोण बोलतंय? माझ्याशी तमिळ! मी म्हटलं, अक्का, रमा मी, ती म्हणाली, कोण रमा? तुम्हाला काय सांगू, ताटावरून उठले मी त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मज काय सुचलं कोण जाणे, बोललेच नाही, फोन हातात खाली धरला आणि फाटकापासून ओसरीपर्यंत चालत आले, बास. फोन कानास लावला तर मराठीत म्हणाली, रमे, चप्पल घाल गं, दगड टोचतील.

आता ती येणार नाही, मज कळतं ते. सेतूही बोलत नाही, मीही पुसत नाही. पण रोज चालते. म्हणून गवत नको. हात चालतात तोवर काढीन, पुढचं तो पिळ्ळैयार बघेल, त्यानं माझ्या दूर्वा काय थोड्या खाल्ल्यात?

निघालात? बरं, सुखाचे राहा, लेकरंबाळं सुखाची राहोत. जाताना एक करा, कडेनं जाऊ नका, मधून जा, जल्लीवरून, जरा पाय वाजवत. मी फोन लावते. नवं माणूस आलं म्हणजे पुसेल ती, कोण आलं गं?