एकच भुवई

गोजरबाई : थांब! दातातला दोरा सोड, कमरबी. सोड म्हन्ते न्हवं! अन् तू गं उषे, दोन्ही हातानं कपाळाची कातडी ताणून बसलीस, जशी काय दोन लेकरांची माय!

उषा : माय, वरडू नको. बैठकीत बाबा हाये.

गोजरबाई : आता बरा बाबा आठवला! बांगड्या भराया म्हून मन्यारीण बोलावली. म्या चुलीवरचं पुरण हाटून येते तवर इथं भुवया कोरून राह्यल्या ह्या!

कमरबी : भुवया न्हाई, पाटलीणबाई. भुवई. एकच झाली. दुसरीला दोरा लावायच्या आत तुमी आल्या.

गोजरबाई : वर तोंड करून सांगती! कुवार पोरीच्या भुवईला दोरा लागतो का कुठं? तुमच्यात तरी चालतंय का?

कमरबी : तोबा, तोबा. आमच्यात बी निकाहाच्या आधी बिलकुल न्हाई.

गोजरबाई : मंग? दिवस कासराभर राह्यला की भोकरदनचे पाव्हणे येऊन राह्यले हिला पाह्याला. त्या नवरदेवाची, भुजंगरावाची आत्या काय म्हनंल? पोरगी कुठं तरी नांदून आली म्हनंल! पाणी बी न घेता दारातून माघारी जातील. अन् तुझा तो उष्टा दोरा, थुकीनं भिजलेला, माझ्या पोरीच्या कपाळाला!

कमरबी : हौ, उष्टा. तुमच्या हनुवटीला मात्र दर अमावस्येला चालतो.

गोजरबाई : हळू बोल, मेले!

उषा : माय, तू हनुवटीचे...

गोजरबाई : तू गप! खाली मान घाल. न्हाई, वर कर. पाहू दे. अगं माय माय! एक भुवई तलवारीवानी, अन् दुसरी तुझ्या बापाच्या मिशीवानी. ह्ये कसं झाकू मी? कमरबी, काजळाची काडी घे. रंगव. होती तशी जाड कर.

कमरबी : करते की. पन ती आत्या हाये ना, पोरगी पाह्याला बसली की पदर पाण्यात बुडवून तोंड पुसून पाह्यती. गोरेपण खरं का पावडरीचं म्हून. अख्ख्या भोकरदनला ठावं हाये. काजळ गालावर उतरलं की मंग काय दाखवता?

गोजरबाई : तुला लई माहिती गं त्या घरची!

कमरबी : माझं माहेर भोकरदनच हाये, बाई. माहेरी गेले की त्या घरी बांगड्या मीच भरत व्हते. भुजंगरावाच्या दुसऱ्या बायकोला, तुळजाबाईला.

गोजरबाई : बरं, भरल्या आसशील. गेली बिचारी तापात. तिचं काय मधीच? उषे, तूच सांगितलं ना हिला दोरा लाव म्हून? खरं बोल.

उषा : हाव. मीच. पाव्हण्यांनी दारातून माघारी जावं म्हून.

गोजरबाई : काय?

उषा : चाळीस वरसाचा घोडा हाये तो, माय. दोन बायका खाऊन बसला. अन् बाबा म्हन्तो, त्याला तहशिलीत बसाया खुर्ची देतेत. मंग बाबानंच करावं ना लगीन त्या खुर्चीसंगं!

गोजरबाई : जीभ हासडीन! दोनशे एकराचं घर हाये ते. तुझ्यासारख्या काळ्यासावळ्या पोरीला कोन विचारतंय दुसरं? मिजास पाहा! अन् तू, कमरबी, म्हातारी झालीस. पोरगी म्हनली अन् तू लावलास दोरा? आक्कल गहाण ठेवली व्हती का?

कमरबी : न्हाई. जाणूनबुजून लावला.

गोजरबाई : काय बोलून राह्यलीस?

कमरबी : तुळजाबाईच्या भुवया बी मीच करत व्हते. दोरा धरला की माझी नजर कपाळापासून चार बोटं. तिथं काय लपतंय? पह्यल्या बारीला डावी भुवई मधूनच चिरलेली, तिथं केसच न्हाई. म्या इच्चारलं, तर म्हनली, अंधारात उंबऱ्यावर पडले. दोन महिन्यांनी उजवी चिरलेली. परत उंबराच. म्या म्हनलं, बाई, तुझ्या घरातले उंबरे कपाळाच्या उंचीचे हायेत का?

उषा : मंग काय म्हनली ती?

कमरबी : हासली. अन् म्हनली, खाला, जाड ठेव भुवया. चिरा झाकतील आशा. मी झाकल्या. तेच चुकलं माझं. अन् ताप? मरायच्या चार दिस आधी हातभर चुडा भरला मी तिला. हात गार व्हते, तापाचं नाव न्हाई.

गोजरबाई : खोटं. लोकाच्या घराला आग लावायची सवय हाये तुला.

कमरबी : खोटं तर खोटं. माझी टोपली उचलून चालली मी. घाला पोरीला काजळ.

गोजरबाई : थांब.

उषा : माय? काय झालं? आशी कामून बसली खाली?

गोजरबाई : मंठा गावच्या एका लग्नात पाह्यल्ती मी त्या तुळजाबाईला. भर उन्हाळा, मांडवात जीव चाललेला सगळ्यांचा, अन् ही पदर पार डोळ्यापस्तोर वढून बसल्ती. आमी बाया हासलो. मीच म्हनलं मोठ्यानं, दोनशे एकराचा ताठा हाये, तोंड बी दाखवंना आपल्याला. तिनं ऐकलं. पदर आजून खाली वढला.

कमरबी : चिरा दाखवणार का मंग?

गोजरबाई : ताठा म्हनलं मी. थू माझ्या तोंडावर.

उषा : माय, रडू नको.

गोजरबाई : कोन रडतंय? धूर गेला डोळ्यात. पुरण जळून राह्यलं तिकडं.

कमरबी : पाटलीणबाई, येळ चालला. गावच्या शिवेत पाव्हण्यांची दमणी यायच्या आत सांगा. काजळ, का टोपली?

गोजरबाई : केस किती दिसात येतेत परत?

कमरबी : महिना. लई झालं तर सवा महिना.

गोजरबाई : अन् गाव बोलंल वरीसभर. बोलू दे. मेल्यांना दुसरं काम काय?

उषा : अन् बाबानं इच्चारलं तर?

गोजरबाई : मीच दोरा लावाया सांगितला म्हनीन. तुझ्या बापाला काय, खुर्ची पाह्यजे ना? माचीवर बस म्हनावं. कमरबी, काढ तो दोरा. धर दातात. दुसरी बी कर. बारीक कर, त्या आत्याला अंगणातूनच दिसली पाह्यजे.

उषा : माय...

गोजरबाई : हालू नको. अन् हात काढ तुझे. मी धरते कातडी ताणून.